संकटग्रस्त जीवांवरील संशोधनाचा शासकीय निधी (मराठवाडा)

नामशेष होण्याच्या वाटेवर असलेल्या वनस्पती व प्राण्यांची गणना, त्यांच्या अधिवासाचा अभ्यास, पैदास आणि बीजसंवर्धन यांसाठी केंद्र व राज्य शासन देत असलेले अर्थसाहाय्य. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत राखीव जंगल थोडे. इथले दुर्मीळ जीव प्रामुख्याने माळरानावर, गायरानात आणि बांधाच्या कडेला तग धरून आहेत. निधीच्या योजना मात्र बहुतांशी अभयारण्ये आणि व्याघ्र प्रकल्प डोळ्यांसमोर ठेवून आखलेल्या. या प्रदेशाची अडचण तिथेच सुरू होते.

केंद्राची प्रमुख योजना ‘वन्यजीव अधिवासांचा एकात्मिक विकास’ ही होय. महाराष्ट्रासारख्या राज्यात तिचा खर्च केंद्र ६० व राज्य ४० टक्के उचलते. जंगलजमीन धरण-रस्त्यांसाठी वळती केल्यावर जमा होणारा भरपाईचा पैसा, म्हणजे ‘कॅम्पा’ निधी, हा दुसरा झरा. २०१६ च्या कायद्यानुसार त्यातला ९० टक्के वाटा राज्यांकडे जातो. माळढोकाच्या अधिवास-सुधारणेसाठी व बंदिस्त पैदाशीसाठी त्याच वर्षी याच निधीतून सात वर्षांकरिता ३३.८५ कोटी रुपये मंजूर झाले आणि डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने राजस्थानात जैसलमेर जिल्ह्यात पैदास केंद्र उभारले. धाराशिव-बीडच्या शेजारी, सोलापूर व अहिल्यानगर जिल्ह्यांत १९७९ पासून माळढोक अभयारण्य आहे. पण पक्षीच जवळपास दिसेनासा झाल्यावर संशोधन इकडे वळणार कशाला?

अभयारण्यांची निवडही बघण्यासारखी आहे. बीड जिल्ह्यात नायगावला मोरांसाठी अभयारण्य आहे, आणि मोर संकटग्रस्त नाही. लांडगा, तरस, खोकड हे माळाचे खरे रहिवासी. त्यांच्या वाट्याला या भागात असे स्वतंत्र क्षेत्र आलेले नाही. लांडगा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षण देणाऱ्या अनुसूचीत आहे, पण तो राहतो मेंढपाळाच्या वाड्याशेजारी. सातबारावर ती जागा गायरान, पडीक नाहीतर कुणाचे तरी शेत असते, त्यामुळे वनखात्याच्या खर्चाच्या चौकटीत ती सहजी बसत नाही.

वाघाचे तसे नाही. मार्च २०२१ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला वाघ छत्रपती संभाजीनगर-जळगावच्या गौताळा-औट्रम घाट अभयारण्यात आढळला. कॅमेऱ्यात टिपलेल्या पट्ट्यांवरून त्याची ओळख पटली. २०२४ च्या अखेरीस दुसरा एक वाघ धाराशिवच्या येडशी-रामलिंग अभयारण्यात पोचला. वाघ आला की कॅमेरे, पथके आणि तज्ज्ञ हजर होतात. हेच जंगल आदल्या वर्षीही तिथेच होते.

राज्याने एप्रिल २०२२ मध्ये मंजूर केलेला ‘महाराष्ट्र जनुक कोष’ प्रकल्प, म्हणजे स्थानिक जीवांचे व वाणांचे जतन करण्याची योजना, या बाबतीत वेगळा, आणि मराठवाड्याला अधिक लागू पडणारा. पाच वर्षांसाठी १७२.३९ कोटी रुपये, राबवणारी यंत्रणा नागपूरचे महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळ. त्याच्या सात विषयांत गवताळ व चराऊ माळरान, स्थानिक पिकांचे वाण आणि देशी जनावरांच्या जाती हे तीन आहेत. मराठवाड्याची सारी जैविक दौलत यात येते म्हटले तरी चालेल. लातूरची देवणी आणि नांदेडची लाल कंधारी या इथल्या गोजाती. देवणीत संपूर्ण पांढरा ‘बालंक्या’, तोंडाला काळा रंग असलेला ‘वानेरा’ आणि अंगभर काळे ठिपके असलेला ‘शेवरा’ असे तीन प्रकार पशुपालक ओळखतात. केवळ गोठवलेले वीर्य साठवून हे वेगळेपण टिकत नाही. कोणत्या गोठ्यात कोणता वळू आहे याची वंशावळ वर्षानुवर्षे लिहावी लागते. अशा कंटाळवाण्या, दीर्घ कामाला पैसा मिळणे सर्वांत कठीण.

विद्यापीठे व महाविद्यालयांना निधी मिळतो तो प्रस्ताव पाठवून. विद्यापीठ अनुदान आयोगाची लघुसंशोधन योजना तालुक्याच्या प्राध्यापकाला परवडणारी होती. बारावी पंचवार्षिक योजना २०१७ मध्ये संपली आणि लघुसंशोधनाचा हा ओघ आटला. आता संशोधनाला केंद्राचा निधी देणारे, २०२३ च्या कायद्याने आलेले अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान आहे, पण तिथे स्पर्धा देशभरातल्या मोठ्या संस्थांशी. प्रकल्प मिळाला तर कनिष्ठ संशोधन अधिछात्राला (जेआरएफ) महिना ३७,००० रुपये व घरभाडे, हा २०२३ पासूनचा केंद्राचा दर. पुढचा हप्ता उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे आधीचा पैसा ठरल्या कामावर खर्चल्याचा दाखला, दिल्याशिवाय सुटत नाही आणि तो बहुधा मार्चच्या तोंडावर येतो. गवताचा अभ्यास मात्र पावसाळा संपता संपता करायचा असतो: मीटरभर चौकट जमिनीवर टाकायची आणि तिच्यातले पवना, शेडा, मारवेल, कुसळी यांचे ठोंब मोजायचे. चांगली चराऊ गवते घटून कुसळी माजली, की चराई जास्त झाली असे समजतात. मार्चमध्ये पैसे हाती येतात तेव्हा माळ वाळलेला, अनेकदा जळालेला असतो.

गावपातळीवर जैवविविधता कायदा, २००२ अन्वये जैवविविधता समित्या आणि गावातल्या जीवांची माहिती टिपणाऱ्या लोक जैवविविधता नोंदवह्या आहेत. राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घालून, चुकल्यास राज्याला महिना १० लाख रुपये भुर्दंड लावल्यावर त्या घाईने भरल्या गेल्या. संशोधनाचा प्रस्ताव लिहिणाऱ्याला पायाभूत माहिती म्हणून त्यांचा उपयोग होऊ शकतो, मात्र त्याआधी पावसाळ्यात एकदा माळावर जाऊन त्यांतल्या नोंदी ताडून पाहाव्या लागतात.