संस्थेतील किशोरवयीनांचे स्वास्थ्य (बेळगाव सीमाभाग)

घरापासून दूर, बालगृहात किंवा वसतिगृहात वाढणाऱ्या साधारण १२ ते १८ वर्षांच्या मुलामुलींचे शारीरिक, मानसिक व सामाजिक स्वास्थ्य. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या मराठी वस्तीच्या पट्ट्यात या विषयाला भाषा आणि राज्यसीमा अशा दोन जादा बाजू आहेत. देशभरासाठी केलेल्या नियमावलीत त्या फारशा दिसत नाहीत.

सीमाभागात बोलताना दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते. पहिली शिक्षणासाठीची वसतिगृहे, म्हणजे लोकांच्या तोंडचे ‘बोर्डिंग’. शेजारच्या कोल्हापुरात शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले. ती परंपरा इकडेही ओळखीची आहे. आज सरकारी वसतिगृहे, मोरारजी देसाई आणि कित्तूर राणी चन्नम्मा निवासी शाळा याच प्रकारात मोडतात. तिथला मुलगा सुटी लागली की ट्रंक उचलून घरी जातो. दुसरी गोष्ट म्हणजे बाल न्याय अधिनियम, २०१५ खालील बालगृहे. कर्नाटकात सरकारी बालगृहाला ‘बालमंदिर’ म्हणतात. तिथे मूल बालकल्याण समितीच्या (अशा मुलांविषयी निर्णय घेणाऱ्या जिल्ह्याच्या समितीच्या) आदेशाने राहते आणि आदेशानेच बाहेर पडते. पुढील मजकूर मुख्यतः या मुलांविषयी आहे.

बालगृहातल्या पुष्कळ मुलांची आई किंवा वडील हयात असतात. घरातले दारूचे व्यसन, एका पालकाचा मृत्यू, ऊसतोडीचे स्थलांतर, बालविवाहातून सुटका अशी कारणे असतात. सौंदत्तीच्या यल्लम्माला मुली सोडण्याची देवदासी प्रथा कर्नाटकाने १९८२ च्या कायद्याने बंद केली, तरी तिची झळ लागलेल्या घरांतली मुलेही असतात. देणगीदार मात्र वाढदिवसाचे जेवण घेऊन येतात ते ‘अनाथांसाठी’. केक कापला जातो, मोबाइल वर होतात, लहान मुले पुढे धावतात आणि नववी-दहावीतली मुले मागच्या रांगेत मान खाली घालून उभी राहतात. अशा मुलांची ओळख उघड करण्यास बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ ची मनाई आहे; फोटो तरीही फिरतात.

भाषेचा प्रश्न वयानुसार बदलतो. सहा-सात वर्षांचे मूल काही महिन्यांत कन्नड उचलते. सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली मुलगी ‘ऊट आयता?’ला (जेवण झाले का?) उत्तर देते, खेळताना भांडतेही कन्नडमधून. पण घरी काय घडले ते सांगायची वेळ आली की गप्प होते. समुपदेशकाला मराठी येत नसेल तर ‘प्रतिसाद देत नाही’ एवढाच शेरा फाइलवर पडतो. जवळची शाळा कन्नड माध्यमाची असली की आठवीत माध्यमच बदलते, आणि अभ्यासात मागे पडलेल्या मुलाला आळशी ठरवणे सोपे जाते. प्रत्येक मुलाचा वैयक्तिक काळजी आराखडा करावा लागतो. त्यात घरची भाषा ठळक नोंदवून त्यानुसार शाळा निवडली, तर यातला बराच त्रास टळेल.

दुसरी अडचण हद्दीची. चंदगड किंवा गडहिंग्लजचा मुलगा बेळगाव स्थानकावर सापडला, तर त्याला २४ तासांच्या आत इथल्या समितीपुढे हजर करतात. मूळ जिल्ह्याच्या समितीकडे पाठवण्याची तरतूद कलम ९५ मध्ये आहे. घर बसने दोन-तीन तासांवर असले, तरी कागद एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जावे लागतात.

आरोग्याच्या योजना आहेत: आठवड्याची लोहगोळी, २०१४ पासूनचा राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम, त्याखालील किशोरवयीनांसाठीचे ‘स्नेहा क्लिनिक’. चाइल्डलाइनचा १०९८ आणि २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हे क्रमांक भिंतीवर लावता येतात. पण फोन अधीक्षकांच्या खोलीत असेल आणि तक्रार तिथल्याच कोणाविषयी असेल, तर तो क्रमांक फिरवणार कसा? नियमांत तक्रारपेटी आणि मुलांची समिती आहे. पेटीची किल्ली कोणाकडे असते यावर तिचा उपयोग ठरतो.

अठरा पूर्ण झाले की बालगृह सुटते. कलम ४६ नुसार पुढे आर्थिक साहाय्य मिळू शकते, आणि अनुरक्षणाची, म्हणजे बालगृह सुटल्यानंतरच्या आधाराची, सोय साधारणपणे २१ व्या वर्षापर्यंत असते. जातीचा दाखला, रेशनकार्ड, रहिवासाचा पुरावा मात्र पालकांच्या कागदांवर अडतो. महाराष्ट्राने दावा केलेल्या ८६५ गावांतील मराठी मुलांना त्या राज्यात व्यावसायिक प्रवेशासाठी सीमाभागाची सवलत आहे. तिथेही सीमाभागातला रहिवास आणि मातृभाषा मराठी असल्याचे दाखले लागतात. ज्याचे कायमचे पत्ते समितीच्या आदेशांनी बदलत गेले, त्याला हे दाखले सतराव्या वर्षीच जमवायला घ्यावे लागतात.