अध्ययन-अंगण

अध्ययन-अंगण : शाळेच्या डांबरी पटांगणाचा काही भाग उखडून तेथे झाडी, पाणी व बसण्याच्या जागा करणे आणि ते शिकवण्यासाठी व शाळा सुटल्यावर वस्तीसाठी खुले ठेवणे, ही पद्धत. आराखडा विद्यापीठाचा भूदृश्यरचना (लँडस्केप आर्किटेक्चर) विभाग आणि शाळा मिळून करतात.

उगमाबद्दल मतभेद आहेत. काही जण तो जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रबेलच्या बालोद्यानाशी (किंडरगार्टन) (सु. १८४०), तर काही बॉस्टनच्या रॉक्सबरी भागातील शालेय बागेशी (१८९१) जोडतात. मात्र या दोन्हींत शिक्षण बागकामाभोवती होते. संपूर्ण पटांगणाची रचना हा विषयच नव्हता. त्यामुळे कॅलिफोर्नियातील बर्कलीच्या वॉशिंग्टन प्राथमिक शाळेचे ‘एन्व्हायरन्मेंटल यार्ड’ (सु. १९७१–७२) आरंभ मानणे अधिक सयुक्तिक वाटते. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे रॉबिन मूर व मुख्याध्यापक हर्बर्ट वाँग यांनी सुमारे दीड एकर पटांगणापैकी साधारण अर्ध्या एकरात तळी, कुरण व झाडी उभी केली. पुढे डेन्व्हरमध्ये कोलोरॅडो विद्यापीठाच्या लोइस ब्रिंक यांनी ही कल्पना शहरभरच्या शाळांत नेली.

आराखड्याआधी मुले कुठे थांबतात, कुठून पळतात याच्या खुणा ठरावीक वेळाने नकाशावर करतात. ‘काय हवे?’ विचारले की घसरगुंडीच येते. खुणा अधिक सांगतात.

डांबर निघाल्यावर खाली खडी व धुम्मस केलेला भराव उरतो. तो निदान ४५ सेंमी. उकरून मोकळा केला नाही, तर खड्ड्यात पाणी तुंबून मुळे कुजतात. सिमेंटच्या राडारोड्यातील चुन्याने माती अल्कधर्मी होते. लोह मिळेनासे होऊन कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. जुन्या इमारतीलगत रंगातील शिसे मातीत उतरलेले असू शकते, म्हणून तपासणीआधी तेथे भाजी लावत नाहीत. खेळसाधनांखाली भुश्शाऐवजी लाकडाच्या ढलप्या घालतात, ३० सेंमी.चा थर दबून सुमारे २३ सेंमी. होतो, हे धरूनच भरावे लागते.

बहुतेक अंगणे बिघडतात ती देखभालीअभावी. सत्र संपले की विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांची तुकडी जाते; रोपांना पाणी हवे असते ऐन उन्हाळी सुटीत आणि नळाची किल्ली कोणाकडे हे ठरलेले नसते. म्हणून पहिल्या दोन वर्षांच्या पाण्याची जबाबदारी करारातच नावानिशी लिहितात.

भारतात वास्तुरचनाकार कबीर वाजपेयी यांच्या ‘बाला’ (बिल्डिंग ॲज लर्निंग एड) संकल्पनेत शाळेची इमारत व आवार दोन्ही शिकण्याचे साधन मानले जाते. महाराष्ट्रातील जिल्हा परिषद शाळांच्या परसबागा मुख्यतः पोषण आहारासाठी असतात. त्या सहसा शिक्षक व गावकरीच आखतात.