थेंबांनी डोळा लाल झाला म्हणजे आतलं प्रेशर वाढलं?

‘काचबिंदूच्या थेंबांनी डोळ्यात रक्त चढतं, प्रेशर वाढतं, डोळे लाल झाले की थेंब बंद करा’, असा सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे. लाली डोळ्यांना दिसते, त्यामुळे भीती वाटणं स्वाभाविक आहे.

पण डोळ्याचं प्रेशर रक्ताचं नसतं. डोळ्याच्या पुढच्या भागात सतत पाणी तयार होतं आणि निचऱ्याच्या वाटेने बाहेर जातं. निचरा अडला की प्रेशर वाढतं. लेटॅनोप्रॉस्टसारखे थेंब हा निचरा वाढवतात, टायमोलॉल पाणी तयार होणंच कमी करतं. लेटॅनोप्रॉस्टने डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या, अगदी वरच्या थरातल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून लाली. त्याच वेळी आतलं प्रेशर उतरत असतं.

काचबिंदूत खराब होते ती डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी, नजरेची नस. तिच्याकडे रक्त जातं ते या प्रेशरच्या विरोधात. त्यामुळे प्रेशर उतरलं की रक्ताची वाट सोपीच होते. मात्र गेलेली नजर थेंबांनी परत येत नाही. उरलेली टिकवणं हेच त्यांचं काम.

खात्री करायची तर आपली फाइल उघडा. थेंब सुरू होण्याआधीचा आणि नंतरचा प्रेशरचा आकडा शेजारी ठेवा. साधारण १० ते २१ mmHg (प्रेशर मोजायचं एकक) ही सर्वसामान्य मर्यादा, पण तुमचं लक्ष्य डॉक्टर ठरवतात. लाली खुपत असेल तर औषध बदलून मिळतं, स्वतःहून थांबवू नका. लालीबरोबर तीव्र वेदना, उलटी, दिव्याभोवती रंगीत वलयं दिसली तर लगेच दवाखाना गाठा. आणि दमा असेल, तर टायमोलॉल सुरू करण्याआधीच डॉक्टरांना सांगा.