आकारिक मूल्यमापन: गणित-विज्ञानाच्या वर्गातून गुणपत्रकाकडे

शिकवणे चालू असतानाच मुलाचे कुठे अडते आहे ते शोधायचे आणि पुढचा तास त्यानुसार बदलायचा, ही आकारिक मूल्यमापनाची मूळ कल्पना आहे. मूल्यमापनतज्ज्ञ मायकेल स्क्रिव्हन यांनी 1967 मध्ये ही संज्ञा योजली ती अभ्यासक्रमांच्या परीक्षणासाठी. तिला विद्यार्थ्यापर्यंत आणले अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी. 1968 मध्ये त्यांनी मांडलेल्या पद्धतीत घटक संपताच छोटी चाचणी घेतली जाई, अडलेल्यांना तोच घटक वेगळ्या रीतीने पुन्हा शिकवला जाई आणि ज्यांना तो जमला त्यांना अधिक आव्हानाचे काम मिळे. स्तरानुसार अध्यापनाचा एक स्पष्ट आराखडा त्यातून हाती आला.

गणित आणि विज्ञान या विषयांत ही कल्पना विशेष रुजली, कारण तिथल्या चुकांना बहुधा स्वतःचा तर्क असतो. लंडनच्या चेल्सी कॉलेजमध्ये 1974 पासून माध्यमिक विद्यार्थ्यांच्या गणिती व वैज्ञानिक संकल्पनांवर झालेल्या संशोधनात हे तर्क तपशिलाने पुढे आले. उदाहरणार्थ, 0.5, 0.37 आणि 0.128 यांतील सर्वांत मोठी संख्या विचारली, तर दशांश चिन्हाकडे दुर्लक्ष करणारा मुलगा 0.128 म्हणेल. मात्र अंक जितके जास्त तितकी संख्या लहान, असे मानणारा मुलगा 0.5 म्हणेल, आणि त्याचे उत्तर बरोबर ठरेल! त्याला 0.2 आणि 0.85 यांची तुलना करायला दिल्यावरच त्याची समजूत उघडी पडते. या दोघांना एकच उजळणी देऊन भागत नाही, आणि नुसत्या गुणांवरून तर दुसऱ्याची अडचण दिसतही नाही.

ब्रिटिश शिक्षण-संशोधक पॉल ब्लॅक आणि डिलन विल्यम यांनी 1998 मध्ये आकारिक मूल्यमापनावरील तोवरच्या संशोधनाचा विस्तृत आढावा प्रसिद्ध केला आणि पाठोपाठ इंग्लंडमधील मेडवे व ऑक्सफर्डशायर इथल्या सहा शाळांत 24 शिक्षकांबरोबर काम सुरू केले. हे शिक्षक गणिताचे आणि विज्ञानाचेच होते. प्रश्नानंतर थोडे थांबणे, मुलांनी एकमेकांचे काम तपासणे आणि वहीवर गुणांऐवजी केवळ अभिप्राय लिहिणे, असे बदल त्यांनी आपापल्या वर्गात केले. गुण वगळण्यामागे संशोधक रूथ बटलर यांचा 1988 चा अभ्यास होता. अभिप्रायाशेजारी गुण लिहिले की अभिप्रायाचा लाभ नाहीसा होतो, असे त्यात आढळले होते.

महाराष्ट्रात शिक्षण हक्क कायदा लागू झाल्यानंतर 20 ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, प्रकल्प, स्वाध्याय अशी साधने त्यात होती आणि ती निवडणाऱ्यांची दृष्टी चांगलीच होती. परंतु एकूण गुणांत पहिली-दुसरीत 70 टक्के, तर सातवी-आठवीत 40 टक्के भार देऊन आकारिक मूल्यमापनालाच गुणांत बसवले गेले. इंग्लंडच्या प्रयोगाने जे बाजूला ठेवले, तेच इथे केंद्रस्थानी आले, हा माझ्या मते या व्यवस्थेतला मूळचा अंतर्विरोध आहे. शिक्षकांवर पडलेले, प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी भरण्याचे ओझे त्यानंतरचे.

मुंबईत 1995 मध्ये सुरू झालेल्या ‘प्रथम’ या शिक्षणक्षेत्रातील स्वयंसेवी संस्थेने वेगळी वाट धरली. संख्याज्ञान, वजाबाकी, भागाकार अशा टप्प्यांवर मुलाला काय येते हे तोंडी पाहायचे आणि इयत्तेऐवजी स्तरानुसार गट करून शिकवायचे, अशी ती पद्धत आहे. तिच्यासाठी दिवसातला ठरावीक वेळ इयत्तांच्या भिंती बाजूला ठेवाव्या लागतात, आणि नेहमीच्या वेळापत्रकात नेमकी तीच सवलत शिक्षकाला क्वचित मिळते.