पाच हजार व्होल्टच्या स्पीकरला कसली वायर लावायची?

आमच्या बेळगावच्या टिळकवाडीतल्या एका स्नेह्यांनी जुनी इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकरची जोडी घेतली आणि लगोलग मला फोन केला. "आत पाच हजार व्होल्ट असतात म्हणे की ओ. साधी वायर टिकेल काय?" विकणाऱ्याने त्यांना अंगठ्याएवढी जाड, सोनेरी टोकांची केबल सुचवली होती. किंमत स्पीकरच्या निम्मी! कुमार गंधर्व ज्या सुळेभावीत जन्मले ते गाव इथून जवळच, त्यामुळे आमच्याकडे गाणं नीट ऐकण्याची हौस मोठी आहे. असल्या हौसेला गाठणारेही मग भेटतातच.

व्होल्टची भीती आधी काढून टाकू. साध्या स्पीकरात चुंबक, तारेचं वेटोळं आणि कागदी कोन असतो. इलेक्ट्रोस्टॅटिकमध्ये यातलं काहीच नाही. दोन सच्छिद्र पत्र्यांच्या मधे केसाहून कितीतरी पातळ प्लॅस्टिकचा पडदा ताणलेला असतो आणि त्यावर काही हजार व्होल्टचा स्थिर प्रभार असतो. पत्र्यांवर सिग्नल आला की एक पत्रा पडद्याला ओढतो, दुसरा ढकलतो. इंग्लंडच्या पीटर वॉकर यांच्या क्वाड कंपनीने १९५७ साली असा स्पीकर बाजारात आणला. त्याच्या मोकळ्या आवाजासाठी लोक आजही ती जुनी जोडी शोधत फिरतात. हे हजारो व्होल्ट स्पीकर स्वतःच, भिंतीतल्या प्लगवरून घेऊन, आतल्या आत तयार करतो. सिग्नल वाढवणारा ट्रान्सफॉर्मरही आतच असतो. अँप्लिफायरकडून येणाऱ्या वायरीत फार तर चाळीस-पन्नास व्होल्ट. त्याला घरातल्या फिटिंगची वायरसुद्धा पुरून उरते.

तरीही वायरीचा प्रश्न फुकाचा नाही. शाळेतली आकृती आठवा: समोरासमोर दोन पत्रे म्हणजे कपॅसिटर. हा स्पीकर अँप्लिफायरला एका मोठ्या कपॅसिटरसारखा दिसतो आणि कपॅसिटरचा अडथळा वारंवारता वाढेल तसा कमी होतो. हिशोबापुरता तो ४ मायक्रोफॅरडचा धरू. १,००० हर्ट्झला अडथळा साधारण ४० ओहम, १०,००० ला ४ आणि २०,००० ला फक्त २. नेहमीचा स्पीकर ४ किंवा ८ ओहमच्या आसपास घुटमळतो. हा मात्र टिपेला जवळजवळ शॉर्ट सर्किटच्या दिशेने निघतो.

आता वायर. अडीच एमएमची तांब्याची वायर पाच मीटर न्यायची तर जाऊन-येऊन रोध (रेझिस्टन्स, म्हणजे तांब्याचा स्वतःचा अडथळा) ०.०७ ओहम. म्हणजे २ ओहमपुढे साडेतीन टक्के आवाज गेला, असं विकणारा सांगेल. पण रोध आणि कपॅसिटरचा अडथळा यांची सरळ बेरीज होत नाही. दोन्हींवरचे व्होल्ट एकमेकांच्या पाव फेरी मागेपुढे असतात, म्हणून बेरीज काटकोनात, पायथागोरसच्या पद्धतीने करायची. २ चा वर्ग अधिक ०.०७ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ: २.००१. घट ०.०६ टक्के. तांबं जाड करत नेण्यात अर्थ नाही, तो याचसाठी.

खरी गंमत आहे इंडक्टन्सची. प्रत्येक वायरीभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि ते प्रवाहाच्या बदलाला विरोध करतं. लाल-काळी वायर एकमेकीला चिकटून असेल तर मीटरमागे साधारण ०.७ मायक्रोहेन्री, पाच मीटरला ३.५. याचा २०,००० हर्ट्झला अडथळा ०.४४ ओहम. तो काटकोनातही नाही, कपॅसिटरच्या बरोबर उलट दिशेला आहे! म्हणून इथे वजाबाकी होते: २ उणे ०.४४, उरले १.५६. एकूण अडथळा घटला, प्रवाह वाढला, आणि स्पीकरवरचे व्होल्ट अँप्लिफायरने दिले त्याहून सव्वापटीच्या थोडे वर गेले. लांब वायरीने टीप मंदावते असं सगळे म्हणतात. इथे ती चढते, सुमारे २ डेसिबेल. स्पीकरच्या आतला रोध यातलं बरंच शोषून घेतो. शिवाय पन्नाशीनंतर २०,००० हर्ट्झ ऐकू येतं कुणाला? ५,००० ला हाच फरक दीड टक्क्याच्या आत आहे.

पण स्नेह्यांच्या वायरमनने सफाईच्या नादात लाल वायर एका पट्टीतून आणि काळी तिच्याहून फूटभर खालच्या पट्टीतून नेली होती. वायरी जवळ असल्या की जाणाऱ्या आणि परतणाऱ्या प्रवाहांची क्षेत्रं एकमेकांना मारतात. लांब गेल्या की मारत नाहीत. इंडक्टन्स मीटरमागे २.४ मायक्रोहेन्रीवर, म्हणजे एकूण १२ वर गेला. अडथळा दीड ओहम. २ उणे दीड, उरला अर्धा! कागदावर व्होल्ट चौपट, आणि २३,००० हर्ट्झच्या सुमाराला वजाबाकी शून्य. त्याला अनुनाद म्हणतात. तिथे अँप्लिफायरला फक्त उरलासुरला रोध दिसतो आणि नाजूक अँप्लिफायर बंद पडू शकतो.

उपाय दोन्ही वायरी एकत्र पिळण्याचा. हौस असेल तर चार तारांची केबल घ्या आणि समोरासमोरच्या तारा जोडून टाका, इंडक्टन्स निम्म्यावर येतो. वेणीसारख्या विणलेल्या महागड्या केबलींचा आणखी कमी असतो, पण त्यांची स्वतःची धारकता (कपॅसिटन्स, म्हणजे कपॅसिटरसारखं वागणं) इतकी वाढते की काही अँप्लिफायर त्यामुळे स्वतःशीच कंप पावायला लागतात. आणि कित्येक अँप्लिफायरमध्ये टर्मिनलच्या आधीच एखाद-दोन मायक्रोहेन्रीची कॉइल मुद्दाम बसवलेली असते, हे केबलच्या जाहिरातीत सापडत नाही.

त्या केबलवर दिशेचा बाणही होता. जो सिग्नल सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट पळतो त्याला बाण दाखवायचा! वास्तुशास्त्राला हसणारी माणसंसुद्धा बाण बघून वायर लावतात. "केबलमध्ये लहरी परावर्तित होतात" हीसुद्धा तसलीच थाप. २०,००० हर्ट्झची एक लहर केबलमध्ये दहा किलोमीटरच्या आसपास भरते, बेळगावातून निघाली तर मच्छे गाठेल. पाच मीटरांत तिचं काय परावर्तित होणार?

स्नेह्यांना सांगितलं, काळी वायर लालच्या पट्टीत घ्या आणि अँप्लिफायर स्पीकरच्या जवळ आणा. बेळगावचा पाऊस हा मात्र या स्पीकरचा खरा शत्रू. दमट हवेत पडद्यावर धूळ बसली की प्रभार गळतो, आवाज बसतो, आतून चटचट ऐकू येते. त्यांची जोडी नेमकी पश्चिमेच्या खिडकीखाली आहे. ती आधी हलवायला हवी.