चित्रीकरणातील मेहनताना : देशोदेशीची रीत आणि गोवा

चित्रपट व मालिकांच्या निर्मितीत कलाकार, तंत्रज्ञ आणि कामगारांना शिफ्ट, दिवस, आठवडा किंवा ठोक रकमेने मिळणारा मोबदला. काम किती अवघड आहे यापेक्षा माणूस कुठल्या गावच्या कराराने सेटवर आला, यावर तो जास्त ठरतो. गोव्यात हे लगेच दिसते, कारण इथली बरीचशी युनिट बाहेरूनच येतात.

अमेरिकेत सॅग-आफ्ट्रा या कलाकार संघटनेच्या करारात दिवसाचा किमान दर जुलै २०२४ पासून वर्षभर १,२०४ डॉलर होता. गर्दीतल्या कलाकाराला २१६. तंत्रज्ञांना सहा तासांत जेवणाची सुट्टी मिळाली नाही, तर निर्मात्याला भुर्दंड पडतो. फ्रान्सची तऱ्हा निराळी. बारा महिन्यांत ५०७ तास भरले की दोन कामांमधल्या रिकाम्या दिवसांसाठी बेकारी भत्ता मिळतो. आज काम, उद्या नाही अशा या धंद्यात वाढीव दरापेक्षा हीच सोय मोलाची म्हणावी लागेल.

भारतात देशभर लागू असा एकच दर नाही. मुंबईत कामगारांचा महासंघ निर्मात्यांच्या संघटनांशी बोलणी करून प्रत्येक विभागाचे दर ठरवतो. १९८१ च्या कायद्याने लेखी करार सक्तीचा केला, पण तो कथापटांपुरता. मालिका त्यात नव्हत्या. २०२० च्या कामगार संहितेत त्या आल्या. तरी मालिकेचे पैसे नव्वद दिवसांनी, ही रीत सगळ्यांच्या अंगवळणी पडली आहे.

गोव्यात चित्रीकरणाचा परवाना पणजीची गोवा मनोरंजन संस्था देते. गाड्या, होड्या, स्पॉटबॉय, गर्दी यांची जमवाजमव लाइन प्रोड्यूसर करतो. मुंबईहून आलेल्यांचा राहण्याजेवणाचा खर्च आणि रोजचा भत्ता युनिटकडे असतो. स्थानिक माणूस रात्री घरी जातो, म्हणून त्याचा हिशेब बहुधा दिवसाच्या हजेरीवरच मिटतो. २०२१ मध्ये महाराष्ट्रात चित्रीकरण बंद झाल्यावर मराठी-हिंदी मालिकांची युनिट इकडे आली. मे महिन्यात कोविड वाढला, विरोध झाला आणि परवाने रद्द झाले. अशा वेळी मासिक पगारवाला तरतो, हजेरीवाल्याची कमाई त्याच दिवशी थांबते.

परदेशी युनिटसाठी केंद्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये, पणजीतल्याच इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, भारतातील खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत आणि कमाल ३० कोटी रुपयांचा परतावा जाहीर केला. तो निर्मात्याच्या खर्चावर मोजतात, होडीवाल्याच्या किंवा स्पॉटबॉयच्या रोजावर नाही.