जुन्या स्पोर्ट्‌स कारचे दिवे आणि आतला वास : काम देण्याआधी वाचावे असे

एमजीबी, ट्रायम्फ स्पिटफायर अशा जुन्या दोन आसनी गाड्या आमच्या डिचोलीच्या गॅरेजमध्ये येतात त्या बहुतेक दोनच तक्रारी घेऊन : रात्री नीट दिसत नाही, आणि आत बसले की वासाने डोके जड होते. ही दोन्ही कामे आम्ही शक्यतो एकत्र करतो. इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला वायरी जायला भोके असतात. त्यांतले रबरी ग्रोमेट (वायरीभोवतीची कडी) सुकून फुटले की इंजिनाकडचा वास तिथूनच आत शिरतो. वायरी नव्या टाकताना ती भोके बंद करणे सोपे जाते.

दिवे

उजेड पिवळट पडला की जादा वॅटचा बल्ब आणला जातो. कृपया आणू नका. या गाड्यांत दिव्यांचा सगळा करंट डॅशबोर्डवरच्या स्विचमधून आणि डिपरमधून फिरून पुढे जातो. त्यात पन्नास वर्षांची वायर, आपली खारी हवा आणि हिरवी पडलेली तांब्याची टोके. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.५ व्होल्ट आणि बल्बपाशी ११.५, असे मीटरवर दिसले तर नवल नाही. व्होल्टेज दहा टक्के घटले की हॅलोजनचा उजेड सुमारे तीस टक्के घटतो, म्हणजे दोष बल्बचा नसून वाटेचा आहे.

म्हणून आधी रिले, म्हणजे थोड्या करंटने चालणारा आणि मोठा करंट सोडणारा स्विच. डिमला एक, फुलला एक, दोन्हींना फ्यूज, जाड वायर थेट बॅटरीकडून आणि अर्थिंगही नवे. जुना स्विच मग फक्त रिले चालवतो, त्याच्यावर भार राहत नाही. त्यानंतर सात इंची सील्ड बीम (काच आणि फिलामेंट एकसंध असलेला दिवा) काढून त्याच मापाचा एच४ दिवा, म्हणजे बल्ब बदलता येणारा, ६०/५५ वॅटचा (फुल/डिम) बल्ब घालून. १००/९० आम्ही लावत नाही : ते नियमात बसत नाही, रिफ्लेक्टरही करपतो. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्बही नाही. प्रकाश फिलामेंटच्या नेमक्या जागेवरून निघाला नाही, तर समोरच्याचे डोळे दिपतात आणि आपला रस्ता अंधारातच राहतो. शिवाय १९६७ आधीच्या एमजीबीत बॉडीला बॅटरीची पॉझिटिव्ह बाजू असते, हे वायरिंगला हात लावण्याआधी पाहावेच लागते.

परदेशातून आलेल्या गाडीचा डिम कधीकधी उजवीकडे उचललेला असतो. आपल्याकडे तो डावीकडे हवा. फोकस आम्ही भिंतीपासून साडेसात मीटरवर, मालकांना आत बसवून लावतो. डिमची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा साडेसात सेंटिमीटर खाली. पावसाळ्यात साखळी-वाळपई रस्त्यावर रात्री डांबरावर बसलेली गुरे वेळीच दिसली पाहिजेत, त्यासाठी हा खटाटोप.

पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ पासून व्हिंटेज नोंदणीचे वेगळे नियम आहेत आणि त्यांत मूळ रूपाला महत्त्व आहे. म्हणून जुनी वायरिंग आम्ही कापत नाही, काढलेले दिवे खोक्यात घालून परत देतो.

वास

सुवासाची बाटली आधी बाहेर काढा. तिच्यामुळे पेट्रोलची गळती लपते.

टाकी भरल्यावर किंवा वळणावर वास येत असेल तर टाकीच्या तोंडाचा रबरी पाइप किंवा पेट्रोल गेजच्या टाकीतल्या युनिटचे गॅस्केट. गाडी थांबवल्यावर बॉनेटकडून येत असेल तर एसयू कंपनीच्या कार्ब्युरेटरची फ्लोट नीडल (पेट्रोल भरले की ते थांबवणारी सुई) बघायची. आता पंपावर ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते आणि इथेनॉल जुन्या रबराला मानवत नाही. त्यामुळे पाइप बदलायचे तर सगळेच, बारीक ब्रीदर (हवा जाण्याच्या नळ्या) सुद्धा, इथेनॉल चालणारे.

वेगात धूर आत येतो तो मात्र मागून. धावत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो, सायलेन्सरचा धूर तिथे घोटाळतो आणि डिकीच्या सैल रबरातून आत ओढला जातो. त्या रबराला खडू फासून डिकी बंद करा. समोरच्या पत्र्यावर जिथे खडू उमटत नाही, तिथे फट आहे. एक गोष्ट गंभीरपणे घ्या : कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गाडीत डोके दुखून मळमळत असेल तर ती चालवत आणू नका, आम्ही टोइंगची सोय करतो.

कुबट वास बहुधा गालिच्याखालच्या तागाच्या थराचा असतो. वरून वाळलेला गालिचा खाली ओलाच असतो. थर काढून टाकतो, हीटरची निचरा नळी मोकळी करतो, पत्रा वाळवून रंगवतो, मगच नवा थर.

गाडी आणण्याआधी गालिचे धुऊ नका. टाकी अर्धी ठेवा. वास नेमका कधी येतो, थांबल्यावर, वळणावर की हूड (कापडी छत) लावल्यावर, ते कागदावर लिहून आणा.